कुठलं अर्धं सरकार?

ओस्टरव्हिल, नेब्रास्का
२१ मे, मंगळवार

तीर्थरूप व्हर्नामावशीस,

डेल्मरचा सादर नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तो बरा होईल असं डॉक्टरांनी सांगितल्याला आता अकरा वर्षं झाली, तेव्हा थोडाफार फरक पडला असेल अशी आशा करतो. शेजाऱ्यांचा तो कुत्रा अजून आहे का? (असल्यास कळव. उन्हाळ्यात तुझ्याकडे येण्याचं मी त्या बेताने ठरवीन.) इकडे तुझ्या भाचेसुनेची, अर्डिसची, तब्येत ठीक आहे आणि मी जिवंत आहे. हे शेवटचे तीन शब्द मी आजवर पत्राची एक रीत म्हणून लिहीत आलो. या वेळी ते विचार करून लिहिले आहेत.

तुमच्याकडच्या वर्तमानपत्रात आमच्या वादळाबद्दल चार ओळी आल्या होत्या असं तू अर्डिसला फोनवर सांगितलंस. त्या चार ओळींत वाऱ्याचा वेग होता, उडालेल्या छपरांची संख्या होती, आणि 'जीवितहानी नाही' असं होतं. माझं नाव नव्हतं, हे बरंच झालं. पण काय घडलं ते घरच्या माणसाला तरी नीट कळावं म्हणून हे पत्र. दुसरा काही हेतू नाही.

मी भित्रा आहे हे तुला नव्याने सांगायला नको. लिफ्टला मी भितो, वकिलांना भितो, फोन वाजला तरी अर्डिसला उचलायला लावतो. असल्या माणसाला काउंटीने आपत्ती अधिकारी का नेमलं, असं लोक सतरा वर्षं विचारत आले आहेत. माझं उत्तर असं की या कामाला भित्राच माणूस हवा. मला काउंटी कचेरीच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, खोलीत एक लोखंडी टेबल, हवामान खात्याचा रेडिओ, नैऋत्येला उघडणारी एक खिडकी आणि भिंतीवर वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्याचा खटका. एप्रिल ते जुलै मी त्या खिडकीतून ढगांकडे बघत बसतो. धीट माणूस दोन दिवसांत कंटाळून मासे मारायला निघून जाईल. मला कंटाळा म्हणून येत नाही, कारण मला प्रत्येक ढग आपल्याकडेच येतोय असं वाटतं.

त्यामुळे एकदा चूकही झाली, ती तुला ठाऊक आहे. गेल्या जूनमध्ये हार्लन ब्रूनिंगच्या नातीचं लग्न लागत असताना मी भोंगा वाजवला. दीडशे पाहुणे एक तास दहा मिनिटं चर्चच्या तळघरात उभे होते आणि वर केकवरचं लोणी वितळत होतं. पाऊस पडला तो माझा रुमालही भिजला नाही एवढा. हार्लन तुला आठवत असेलच. (आठवत नसेल तर उत्तम.) तो आता काउंटी बोर्डाचा अध्यक्ष आहे आणि आमच्या पक्षाचा गावातला पुढारीही तोच. त्या दिवसापासून तो मला रस्त्यात भेटला की आधी आभाळाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि काही न बोलता पुढे जातो. तेव्हापासून त्या खटक्याकडे हात नेतानासुद्धा मला घाम फुटायचा. ढगाची भीती होतीच, तिच्यात आता हार्लनची मिसळली.

तर आमच्या ग्रंथालयात दर चार वर्षांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीची जाहीर चर्चा होते हे तू इथे असतानाचंच आहे. खरे उमेदवार ओस्टरव्हिलला कशाला येतात, म्हणून दोन्ही पक्ष आपापल्या उमेदवारातर्फे गावातलाच एकेक माणूस उभा करतात. (निवडणूक नोव्हेंबरात आणि चर्चा मेमध्ये, कारण शरद ऋतूत सगळे मक्याच्या कापणीत असतात आणि तेव्हा देशाचं काय होणार याकडे बघायला कोणाला फुरसत नसते.) आमच्यातर्फे वीस वर्षं लिलाववाला क्लिफर्ड बोलत आला. मुद्दा असो नसो, तो इतक्या वेगाने बोलायचा की समोरच्याला खोडायला काही सापडत नसे. यंदा आयत्या वेळी त्याचे सगळे दात काढावे लागले. गुरुवारी हार्लन माझ्या खोलीत आला.

"डेल्मर, शनिवारी तू बोलायचंस."

मी म्हटलं, "मी कशाला?"

"तू पक्षाचा चिटणीस आहेस."

(हे खरं आहे. नऊ वर्षांपूर्वी एका बैठकीत माझं नाव सुचवलं गेलं आणि नको म्हणायला उभं राहायचं धैर्य मला झालं नाही.)

मी विचारलं, "समोर कोण आहे?"

"त्वर्दीबाई."

"मग क्लिफर्डचे नवे दात बसेपर्यंत थांबू या की."

हार्लन म्हणाला, "बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. म्हाताऱ्या बाईला काय घाबरायचं?" हे बोलण्याआधी त्याने उठून दार लावून घेतलं होतं. बाईंनी त्यालाही शिकवलं आहे, आणि एकाच वर्गात दोनदा.

त्याने मला पक्षाचं पत्रक दिलं. आपले उमेदवार गव्हर्नर स्टॅन्सबरी यांचं म्हणणं त्यात थोडक्यात होतं. सरकार फुगलंय, सरकार प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात येऊन बसलंय, निवडून आलो तर सरकार अर्ध्यावर आणीन. मला हे पटतं, मावशी. आपल्या घरात सगळ्यांनाच पटत आलंय. मी दोन दिवस ते पत्रक पाठ केलं. अर्डिस भांडी घासताना मी तिच्या मागे उभा राहून म्हणायचो आणि ती म्हणायची, "खाली बघून बोलू नकोस, बुटांना मत नसतं."

शनिवारी दुपारी चारला आम्ही ग्रंथालयात पोचलो. हवा कोंदट होती, अंगाला चिकटत होती. माझ्या खिडकीपाशी मी शेजारच्या दफ्तरखान्यातल्या मुलीला बसवलं होतं आणि काही वाटलं तर धावत ये असं तीनदा बजावलं होतं. (ती साडेचारला कुलूप लावून घरी गेली. तिची शनिवारची वेळ तेवढीच असते, हे मला विचारायला सुचलं नाही.) साठेक माणसं जमली होती. मागे कॉफीचं मोठं भांडं आणि लिंबाचे केक मांडले होते, आणि पहिल्या रांगेत मधोमध हार्लन बसला होता. त्वर्दीबाई काठी टेकत आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शर्ट आत खोच, डेल्मर," आणि मी तो खोचला. चर्चा खरं म्हणजे तिथेच संपायला हवी होती.

पाठ केलेलं भाषण मात्र मी न अडखळता म्हटलं. दोनदा टाळ्या पडल्या. मग बाईंची पाळी आली. त्यांच्या पक्षाचे सिनेटर लिंडक्विस्ट यांच्याबद्दल त्या फार बोलल्याच नाहीत. (खासगीत त्यांचं मत असं आहे की सिनेटर शब्दांची टोकं गिळतात.) त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला विचारलं, "गव्हर्नरसाहेब सरकार अर्ध्यावर आणणार म्हणतोस. कुठलं अर्धं?"

मी म्हटलं, "जे नको आहे ते."

"छान. या काउंटीतली एक जागा सांग. एकच. जी उद्या बंद केली तरी चालेल."

मावशी, मी समोर पाहिलं. दुसऱ्या रांगेत टपाल कचेरीतली माझी मेव्हणी बसली होती. तिच्या शेजारी काउंटीची परिचारिका, जिने माझ्या वडिलांना शेवटचे चार महिने रोज सकाळी इंजेक्शन दिलं. रस्त्यावरचा बर्फ काढणारे दोघे भाऊ भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचं घर आमच्या गल्लीच्या तोंडावर आहे. माती तपासणारे होते, शाळेच्या बसचे होते, शेरीफचा माणूस होता. ज्याच्याकडे बघावं तो केक खायचा थांबून माझ्याकडे बघत होता. कोणाचंही नाव घेतलं असतं तरी मला रात्रंदिवस याच गावात राहायचं होतं. हार्लन बोटांनी खुर्चीचा हात वाजवत होता. भीतीच्या भरात मी म्हणालो, "आपत्ती अधिकारी."

मग मागून कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने मला जो धीर आला तो आयुष्यात कधी आला नव्हता. एका सरकारी जागेची बित्तंबातमी मला होती, आणि आता तिच्याबद्दल वाईट बोलल्याने कोणालाच राग येणार नव्हता. मी सांगितलं की हा माणूस वर्षातले आठ महिने नुसता बसून असतो. हा सरकारी खुर्चीत बसून सरकारी खिडकीतून आभाळ बघतो, आणि आभाळ तर शेतकरी फुकट बघतो. याला महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी सकाळी दहाला, एक खटका दाबायचा असतो आणि तेवढ्यासाठी याला निवृत्तिवेतन आहे. लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते. हार्लनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हणालो, गेल्या वर्षी याने काय केलं ते आठवा, एका लग्नाचा केक वितळवला. त्यावर तर टाळ्या थांबेचनात. मी फक्त अर्डिसकडे बघायचं टाळत होतो, म्हणून मान दुसरीकडे वळवली. दुसरीकडे खिडकी होती.

आभाळ हिरवं झालं होतं. तू इथे वाढलीस, तुला तो रंग ठाऊक आहे. बाहेरच्या झाडावर सकाळपासून किलबिलणारी पाखरं गप्प झाली होती, आणि नैऋत्येला धान्याच्या कोठारांच्या मागे ढगाचा तळ खाली लोंबत होता, आणि तो फिरत होता.

आता तुला खरं सांगतो. मी लगेच पळालो असं गावात बोललं जातं, ते खोटं आहे. मी तिथे उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, पण मनात काय आलं ते माहीत आहे. आत्ता मी भोंगा वाजवला आणि पुन्हा काही झालं नाही तर हार्लन मला कच्चा खाईल. लोक म्हणतील, बघा, भाषणात हरायची वेळ आली म्हणून याने चर्चा मोडली. साठ माणसांच्या जिवाच्या समोर मी माझी फजिती तोलत उभा होतो, आणि मावशी, पारडं काही क्षण खरंच समसमान होतं. त्या क्षणांची मला अजून लाज वाटते. टोर्नॅडोपेक्षाही जास्त मला आता त्यांची भीती वाटते. मग बाईंनी माझ्या नजरेच्या रोखाने मान वळवून बाहेर पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "डेल्मर, तुला जायला हवं ना?"

मी ध्वनिक्षेपकात म्हणालो, "सगळ्यांनी तळघरात चला." लोक आणखी मोठ्याने हसले. त्यांना वाटलं मी माझीच नक्कल करतोय. मग अर्डिस उठली. ती हसत नव्हती. तिने कॉफीच्या भांड्याची तार उपटली आणि म्हणाली, "तो चेष्टा करत नाहीये. त्याला चेष्टा करता येत नाही. उठा." मी दारातून बाहेर पडलो तेव्हा खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, एवढंच मला कळलं.

कचेरी रस्त्याच्या पलीकडे, दोनशे पावलांवर आहे. वारा पूर्ण पडला होता. मी धावत खोलीपाशी आलो, कुलूप उघडलं आणि मागे पाहतो तर त्वर्दीबाई काठी टेकत रस्ता ओलांडत येत होत्या.

मी ओरडलो, "बाई, तुम्ही तळघरात जा."

"त्या जिन्याला कठडा नाही," त्या म्हणाल्या. "आणि माझं उत्तर राहिलंय. दोन मिनिटांचं."

त्यांना परत पाठवायला वेळ नव्हता. मी त्यांना आत ओढलं आणि खटका दाबला. तो खटका जुना आहे, सोडला की उडतो, त्यामुळे तीन मिनिटं हाताने दाबून धरावा लागतो. भोंगा थेट आमच्या डोक्यावर छपरात आहे. तीन मिनिटं बाई माझ्यासमोर काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी नेमाने दोन मिनिटांत उत्तर दिलं असावं, कारण उरलेलं एक मिनिट त्या नुसत्या उभ्या होत्या. त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही. सरकारच्या आकाराबद्दलचा त्यांचा मुद्दा काय होता हे मला आजतागायत ठाऊक नाही, आणि विचारायची छाती होत नाही, कारण मी वर्गात लक्ष देत नव्हतो असं त्या म्हणतील.

मग वीज गेली. भोंग्याचा आवाज खाली खाली येत विव्हळल्यासारखा झाला आणि थांबला, आणि त्याच्या मागे दुसरा आवाज आला. लोक आगगाडीसारखा म्हणतात, पण मला तो कोणीतरी अख्खं शेत जमिनीवरून ओरबाडून काढतंय असा वाटला. मी बाईंना लोखंडी टेबलाखाली ढकललं (चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना, दोन्ही खांदे धरून, आणि त्या म्हणाल्या, "पाय आधी, मूर्खा, पाय आधी"), मग मीही आत शिरलो. खिडकी फुटली. कागद, धूळ आणि कोणाच्या तरी अंगणातली माती खोलीत गरगरायला लागली. टेबल थरथरत होतं. मला काही दिसत नव्हतं. माझा हात कोणीतरी घट्ट धरला होता.

"डेल्मर," बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "मला भीती वाटतेय. काहीतरी बोल."

मी त्यांना चाळीस वर्षांहून जास्त भीत आलोय. त्यांना भीती वाटू शकते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी म्हटलं, "काय बोलू?"

"काहीही. येत असेल ते."

आणि मला त्या वेळी एकच गोष्ट येत होती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पक्षाचं पत्रक म्हणायला लागलो. सरकार फुगलंय, बाई. सरकार प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात येऊन बसलंय. वरून छपराचा पत्रा ओरडत होता. मी थांबलो की त्या माझा हात दाबायच्या आणि म्हणायच्या, "पुढे." मी पुढे म्हणायचो. एकदा मी 'फुगला' म्हणून गेलो तेव्हा त्या मधेच म्हणाल्या, "फुगला नाही, फुगलं. सरकार नपुंसकलिंगी आहे," आणि मी दुरुस्त करून परत म्हटलं. सरकार अर्ध्यावर आणू म्हणेपर्यंत बाहेरचा आवाज दूर गेला होता. मी तरी थांबलो नाही. पत्रकाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता होता तोही म्हणालो.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. कचेरी उभी होती. रस्त्यापलीकडच्या ग्रंथालयाला छप्पर नव्हतं.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी धावलो एवढं खरं. ज्या व्यासपीठावर मी उभा होतो तिथे आभाळ दिसत होतं, आणि हार्लनच्या खुर्चीच्या जागी एक झाड आडवं पडलं होतं, मुळांसकट. तळघराच्या दारावर विटांचा ढीग होता. मी अर्डिसला हाका मारत होतो आणि हातांनी विटा फेकत होतो. आतून काहीच आवाज येत नव्हता. मावशी, मी आयुष्यभर लहानसहान गोष्टींना भीत आलोय, आणि त्या ढिगापाशी मला कळलं की ते सगळे नुसते चोचले होते. आम्ही एकतीस वर्षं एका टेबलावर जेवतोय आणि तिला मी शेवटचं काय बोललो होतो ते मला आठवेना. मग बर्फ काढणारे दोघे भाऊ मागच्या खिडकीतून बाहेर निघाले, त्यांनी दार मोकळं केलं आणि साठ माणसं एकेक करून वर आली. सगळी. शेवटून दुसरा हार्लन, त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि ओठ पांढरे पडले होते. सगळ्यांत शेवटी अर्डिस. तिच्या हातात माझा कोट होता.

मी काही बोलायच्या आत तिने माझा चेहरा हाताने पुसला. म्हणाली, "तू साठ माणसांसमोर स्वतःची नोकरी घालवलीस. त्याचं आपण घरी बोलू." आणि मग तिथेच, विटांवर बसून, ती रडली. मी तिच्याशेजारी बसलो.

आता उरलेलं थोडक्यात. वादळानंतरच्या मंगळवारी, म्हणजे गेल्या आठवड्यात, प्राथमिक निवडणुकीचं मतदान झालं (नोव्हेंबरात आपल्यातर्फे कोण उभं राहणार हे प्रत्येक पक्ष ठरवतो ती). काउंटीत आपले स्टॅन्सबरी आले, अपेक्षेप्रमाणे. काल सोमवारी बोर्डाची बैठक होती. मला वाटलं माझ्यावर पाच मिनिटं बोलतील. अर्धा तास बोलले. आधी हार्लनने उभं राहून सांगितलं की ओस्टरव्हिल ज्याच्यामुळे आज जिवंत आहे तो माणूस या खोलीत बसलाय, आणि मला एक लाकडी फलक दिला. त्यावर पितळी अक्षरांत माझं नाव आहे. सगळे उभे राहिले. मग पुढचा विषय निघाला. हार्लन म्हणाला की डेल्मरने त्या दिवशी जो मुद्दा मांडला तो त्याला कधी विसरता आला नाही, इतका बिनतोड मुद्दा त्याने पक्षात वीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि स्वतः त्या जागेवर असलेला माणूस एवढ्या मोठ्या मनाने सांगत असेल तर बोर्डाने मागे राहणं बरं दिसत नाही. एक जुलैपासून जागा रद्द. चार विरुद्ध एक. खटका कसा दाबायचा याची सूचना टाइप करून भिंतीवर लावायची आणि आभाळाकडे ज्याला वेळ असेल त्याने बघायचं. विरोधात बोलायला प्रेक्षकांतून एकच व्यक्ती उभी राहिली. बाईंना तीन मिनिटं दिली होती. त्या म्हणाल्या, "मी टेबलाखाली होते," आणि बसल्या.

मला विचारलं, तुला काही म्हणायचंय? मी उठलो. म्हणायचं खूप होतं. 'ज्याला वेळ असेल त्याने' म्हणजे कोणी, हे विचारायचं होतं. जुलैत वादळं संपतात असं बोर्डाला कोणी सांगितलं, हे विचारायचं होतं. पण हातात तो फलक होता आणि सगळे हसून माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "धन्यवाद."

तेव्हापासून मला झोपेत नाही, दिवसाढवळ्या, शुद्धीत असताना तीच खोली दिसते, काच बसवलेली खिडकी, भिंतीवर टाइप केलेला कागद, आणि आत कोणी नाही. खिडकीत आभाळ हिरवं होतंय. ही भीती माझ्या नेहमीच्या भीतींसारखी नाही, अर्डिसने गरम दूध दिलं की ती जात नाही. असो. तुझ्या गुडघ्याला जप. अर्डिसचा नमस्कार.

तुझा भाचा,
डेल्मर हास्कँप

ता. क. — सहज आठवलं म्हणून लिहितो. हार्लन ब्रूनिंगने तुला तीनदा मागणी घातली होती आणि तू तिन्ही वेळा नाही म्हणालीस, असं आई सांगायची. तो अजून तुझ्या नुसत्या नावाने सरळ उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू त्याला दोन ओळी लिहिल्यास (हवापाण्याच्या, आणि मग ओघात माझ्या जागेच्या) तर बोर्डाची बैठक दहा जूनला आहे. सरकार लहानच असावं, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. फक्त एवढी एक खिडकी त्यात असावी. अर्डिसला यातलं कळू देऊ नकोस. हार्लनकडे शब्द टाकायचा नाही, असं तिने मला शपथ घालून सांगितलंय, आणि मी टाकलेला नाही, तू टाकते आहेस.

ता. क. दुसरा, गुरुवार — पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज गावचं साप्ताहिक आलं, त्यात मतमोजणीचा तपशील आहे. आमच्या पक्षाच्या मतपत्रिकांत अध्यक्षपदासाठी एका मतदाराने छापील नावं सोडून रिकाम्या ओळीत आपल्या हाताने नाव लिहिलं होतं: 'मिस त्वर्दी'. असं एकच मत. कोण तो मूर्ख, अशी सकाळपासून कॅफेत चर्चा आहे. मी खरंच स्टॅन्सबरींना मत द्यायला आत गेलो होतो, मावशी. पेन्सिल हातात घेतली आणि काय झालं मला कळलं नाही. बाईंच्या आडनावात इंग्रजी अक्षरं पाच (टी, व्ही, आर, डी, वाय) आणि स्वर म्हणावा असा एक, तोही शेवटी. नववीत प्रत्येक निबंधाच्या माथ्यावर मी मधे एक 'ई' घुसडायचो आणि त्या तो लाल शाईने कापायच्या. साप्ताहिकवाल्यांनी ते नाव जसं लिहिलं होतं तसंच, त्या 'ई'सकट, छापलंय. दुपारी टपालाने माझ्या नावाचं पाकीट आलं. आत पत्र नाही, फक्त साप्ताहिकातलं ते कात्रण. 'ई' कापलेला आहे, आणि बाजूला लाल शाईत बाईंचा शेरा: 'विचार चांगला. शुद्धलेखन तेच.'

तेव्हा हार्लनला लिहायचं ते कृपा करून पत्र मिळाल्याबरोबर लिही. तो साप्ताहिक रविवारी वाचतो, त्या वर्गात तो दोनदा बसलाय, आणि तो 'ई' कोणाचा हे ओळखायला त्याला वेळ लागणार नाही.

डे.